चायनीज, अण्णांची गाडी आणि माझा अंगठा

पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र कोलकात्याला जाऊन आलो. चौघेही शाळेपासूनचे, आता साठीला टेकलेले. एकाचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याला आम्ही शेठ म्हणतो. एक डॉक्टर. एक हायस्कूलमधून रिटायर झालेला मास्तर. आणि चौथा मी. शेठचं बडा बाजारात जुनं गिऱ्हाईक आहे आणि तिथली वसुली अडकली होती. "एकटा कशाला जाऊ बे, तुम्ही पण चला की," म्हणाला. आम्हाला निमित्तच हवं होतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेतली, पुण्यातून आझाद हिंद एक्सप्रेस पकडली आणि दीड दिवसाने हावड्याला उतरलो.

पहिले दोन दिवस बडा बाजारात गेले. अर्धी वसुली झाली, अर्ध्याचं आश्वासन मिळालं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या व्यापाऱ्याच्या मुनीमजींनी विचारलं, "चायनीज खाओगे? पासही है. सस्ता, एकदम घर का खाना." घरचं चायनीज म्हणजे काय, हे आम्हाला कळलं नाही. आपल्याकडे चायनीज म्हणजे गाडी. लाल बल्ब, मोठा गॅस, कढईत उडणाऱ्या ज्वाळा आणि बोटांना दोन दिवस लागून राहणारा तो लाल रंग. पण भूक लागली होती, निघालो.

बडा बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर टिरेट्टा बाजार आहे. हा कोलकात्याचा जुना चायनाटाऊन. चिनी माणसं इथे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. सुतारकाम करणारे, चपला करणारे, दात बसवणारे. पुढे कातडी कमावणारे हक्का लोक शहराच्या पूर्वेला टांगऱ्यात स्थिरावले. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर टॅनऱ्या तिथून हलवायला लागल्या आणि टांगऱ्याची ओळख हॉटेलांची वस्ती अशी झाली. एकेकाळी या शहरात वीसेक हजार चिनी होते, आता दोनेक हजार उरलेत असं तिथले लोकच सांगतात. पोरं कॅनडाला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली. म्हातारी माणसं आणि देवळं राहिली.

आम्ही गेलो ते हॉटेल एका बोळात होतं. बाहेर धड पाटी नाही. आत सहा टेबलं, सनमायकाची. भिंतीवर लाल-सोनेरी कॅलेंडर, त्याच्या शेजारी कालीमातेचा फोटो. टेबलावर सोया सॉसची बाटली आणि हिरव्या मिरच्यांचे तुकडे घातलेलं व्हिनेगर. गल्ल्यावर एक बाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, सुती गाऊन, चष्मा नाकाच्या टोकावर. सगळे त्यांना आंटी म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो.

शेठने मेनूकार्डाची वाटच पाहिली नाही. "एक चिकन मंचुरियन, एक ट्रिपल शेजवान, दोन हक्का नूडल्स."

आंटी हसल्या. त्यांचं हिंदी बंगाली वळणाचं. म्हणाल्या, "मंचुरियन बना देगा दादा, लेकिन वो चीन का नहीं, आपका बम्बई का है."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. पण गोष्ट खरी आहे. नेल्सन वँग नावाचे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी होते. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची यांत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लॉवरने दाटपणा आणला आणि त्यात चिकनची भजी सोडली. ते मंचुरियन. मांचुरियातल्या माणसाला विचाराल तर त्याला त्यातलं काही कळणार नाही. म्हणजे वडापाव जेवढा आपला, जवळजवळ तेवढंच मंचुरियन आपलं.

मग मास्तरने विचारलं, "और हक्का नूडल्स?"

"हक्का तो हम है," आंटी म्हणाल्या. "हमारा जात हक्का. नूडल्स तो नूडल्स है."

त्या टेबलावर डॉक्टर इतका हसला की पाणी सांडलं.

शेवटी आम्ही आंटींवरच सोपवलं. घरी जे जेवता ते द्या म्हणालो. डॉक्टरला सगळं चालतं. शेठ कोंबडी-मासे खातो. मास्तर लिंगायत, अंडंसुद्धा नाही. मला वाटलं आता मास्तर उपाशी राहणार. आंटींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आपका अलग कढ़ाई में बनेगा, चिंता नहीं." आणि खरंच उठून आत जाऊन सांगून आल्या.

जेवण आलं ते असं. मोठ्या वाडग्यात साधा पांढरा भात, वाफा येत असलेला. अख्खा भेटकी मासा वाफवलेला, वर आल्याचं बारीक कातरण, कांद्याची पात आणि पातळ सोया सॉस. डॉक्टरसाठी सुकवलेल्या मोहरीच्या पानांबरोबर तासन्‌तास मुरवलेलं डुकराचं मटण. मास्तरला मऊ टोफू आणि लसूण घालून मोठ्या आचेवर परतलेली पालेभाजी. ती मात्र आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडून ओढून घेतली. शेवटी एक पातळ सूप, ज्यात पाला आणि पाणी याशिवाय काही दिसत नव्हतं, तरी दोन-दोन वाट्या प्यायलो. लाल रंग कुठेही नाही. मसाला जवळजवळ नाही. शेठने पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, शेंगाचटणीची पुडी काढली आणि भातावर घातली. दुसऱ्या घासाला मासा घेतला. तिसऱ्या घासाला चटणीची पुडी खिशात गेली.

मास्तर म्हणाला, "हे आपल्या घरासारखंच आहे की. भात, पालेभाजी, आमटीच्या जागी सूप. आपण उगाच इतकी वर्षं चायनीज म्हणजे तिखट जाळ समजत होतो."

चौघांचं बिल झालं अकराशे साठ रुपये. सोलापुरात चांगल्या मटणाच्या खानावळीत दोघांचं जेवढं होतं, तेवढं.

इथपर्यंत ही साधी खादाडीची पोस्ट झाली असती. पुढचं लिहायचं म्हणून गेले तीन महिने टाळत होतो.

जेवण झाल्यावर गर्दी ओसरली. आंटी आमच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. शेठला बोलायची हौस. त्याने विचारलं, "आंटी, आप लोग चाइना में कहाँ के?"

"मैं आसाम की," आंटी म्हणाल्या.

"नहीं, मतलब असली?"

"असली आसाम. माकूम. मेरा बाप भी उधर पैदा हुआ."

शेठ गप्प झाला. आणि मला एकदम आमच्या पेठेतल्या अण्णांच्या गाडीवरचा पोरगा आठवला.

त्याचं सांगतो.

अण्णा म्हणजे आपल्या पूर्व भागातले पद्मशाली. घरी तेलुगू, बाहेर मराठी. आधी यंत्रमागावर होते. माग बंद पडले, तेव्हा त्यांनी आमच्या कोपऱ्यावर चायनीजची गाडी टाकली. कोबी मार्केट यार्डातला, नूडल्स इथल्याच कारखान्यातले, सॉस इथल्याच दुकानातले. त्या गाडीवर चिनी असं काहीच नव्हतं, फळीवर लिहिलेला 'चायनीज' हा शब्द सोडून. आणि कढईवर एक पोरगा होता, वीस-बावीसचा, आसामचा. बारीक डोळे, गोरा. हात इतका चालायचा की बघत राहावं. माझा नातू दर शनिवारी तिथलेच नूडल्स मागायचा. चार वर्षं मी त्या पोराच्या हातचं खाल्लं. सगळे त्याला 'चिनी' म्हणायचे. "ए चिनी, एक हाफ नूडल्स पार्सल." मीही म्हणायचो. त्यात काही वाईट आहे असं कधी मनातही आलं नाही, आणि तोही हसायचा.

मार्च २०२० मध्ये कोरोना आला. 'चिनी'चं 'कोरोना' झालं. पोरं मोटारसायकलवरून जाता जाता "ए कोरोना" ओरडायची. हे फक्त आपल्याकडे नव्हतं. देशभर ईशान्येकडच्या मुलांना हा त्रास झाला, इतका की केंद्रीय गृहमंत्रालयाला त्याच महिन्यात सगळ्या राज्यांना पत्र पाठवून हे थांबवा म्हणून सांगावं लागलं. लॉकडाऊनमध्ये गाडी बंद झाली, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून अण्णांनी ती भिंतीला लावली. पोरगा तो उन्हाळा संपायच्या आत गावाकडे निघून गेला. निघताना त्याला कुणी भेटलं का, माहीत नाही. मी तरी भेटलो नाही.

मग १५ जून. गलवान. आपले वीस जवान गेले. त्या आठवड्यात सगळ्यांच्याच डोक्यात आग होती, माझ्याही. तीन दिवसांनी केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थांवर बहिष्कार टाका, ते विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घाला असं आवाहन केलं. त्याच आठवड्यात एका रात्री काही पोरांनी अण्णांच्या बंद गाडीवरची ताडपत्री वर केली, फळीवरच्या 'चायनीज' शब्दावर काळा रंग फासला, घोषणा दिल्या आणि व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवर शेठने टाकला. खाली लिहिलं, शाब्बास. डॉक्टर तेव्हा कोविड वॉर्डात होता, त्याने पाहिलाही नसेल. मास्तर काही बोलला नाही.

मी अंगठा पाठवला.

तीन महिने बंद असलेली गाडी. यंत्रमाग गेल्यावर उभी केलेली. तिचा मालक माझ्या ओळखीचा. मी व्हिडिओत ती गाडी ओळखली होती. ओळखूनही अंगठा पाठवला. कुणाला पाठवला, कशासाठी पाठवला, आज विचारलंत तर सांगता येत नाही. सगळे पाठवत होते.

आता परत आंटींच्या टेबलावर येतो.

मास्तर इतिहासाचा. त्याने हळूच विचारलं, "आंटी, बासष्टमध्ये तुम्ही माकूमलाच होता?"

आंटींनी चष्मा काढून पुसला. मग जे सांगितलं ते अगदी सपाट आवाजात, कुणीतरी रेशनकार्डाची अडचण सांगावी तसं. त्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या, त्यामुळे काही आठवणीतलं, काही आईकडून ऐकलेलं.

नोव्हेंबर १९६२. सकाळी पोलीस आले. म्हणाले, तुमच्या सुरक्षेसाठी दोन-तीन दिवस चला, थोडे कपडे घ्या. वडिलांचं छोटं किराणा दुकान होतं. शेजारी एक काका राहायचे, रोज संध्याकाळी वडिलांबरोबर चहा प्यायचे. ते त्यांच्या दारात उभे होते. वडिलांनी त्यांना सांगितलं, दोन दिवस कोंबड्यांना दाणे घाला. काकांनी मान हलवली. बोलले काही नाहीत.

ते दोन दिवस साडेतीन वर्षांचे झाले. आधी तुरुंग, मग आठवडाभर रेल्वे, मग राजस्थानातलं देवली. वर्ध्याची देवळी नव्हे, टोंक जिल्ह्यातली. तिथे तारेच्या कुंपणात बराकी होत्या. भात खाली जळका आणि वर कच्चा मिळायचा, असं त्या म्हणाल्या. पुढे रेशन मिळायला लागलं, तेव्हा बायकांनी चुली मांडल्या आणि मग जेवण जरा बरं झालं. "ये साग जो आप खाया, मेरी माँ उधर सीखाया," म्हणाल्या. "पत्ता जो मिले, लसूण मारो, जल्दी पकाओ. लकड़ी कम था ना."

ती पालेभाजी आम्ही मास्तरच्या ताटातून ओढून खाल्ली होती.

सुटका झाल्यावर ते माकूमला परत गेले. दुकान शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेलं होतं. घरात दुसरं कुटुंब. मग आत्याकडे कोलकात्याला आले. इथे सुद्धा कित्येक वर्षं पोलिसांत हजेरी द्यायची, शहराबाहेर जायचं तर परवानगी घ्यायची.

शेठने विचारलं, "और वो पड़ोसी काका?"

आंटी थोडा वेळ थांबल्या. "बाबा उसको कभी बुरा नहीं बोला. डर तो सबको था. खाली इतना बोलता था, एक बार बोलना चाहिए था."

कुणी काही बोललं नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

काहीतरी बोलायला हवं म्हणून डॉक्टर म्हणाला, आम्ही सोलापूरचे. आंटींना सोलापूर माहीत नव्हतं. मग त्याने डॉ. कोटणीसांचं सांगितलं. आपल्याला शाळेपासून पाठ आहे, भैया चौकातलं स्मारक रोज दिसतं, पण त्या टेबलावर ते पुन्हा नव्याने ऐकल्यासारखं वाटलं. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा, १९३८ मध्ये, सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि दोघे याच कोलकात्याचे, बसू आणि मुखर्जी. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले. गुओ छिंगलान नावाच्या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले. वय बत्तीस. चीनमध्ये आजही त्यांचं स्मारक आहे, पुतळा आहे.

आंटींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि एकच विचारलं, "उसको उधर कोई विदेशी बोला क्या?"

डॉक्टरकडे उत्तर नव्हतं. म्हणाला, "इलाज करता था, तो कौन पूछेगा."

"हम भी तो खाना खिलाता है," आंटी म्हणाल्या, आणि चहा सांगायला उठल्या.

परतीच्या प्रवासात आमचं भांडण झालं. हे लिहायला हवं, कारण शेठचं म्हणणं मी गाळलं तर ते खोटं होईल. शेठ म्हणाला, "वीस पोरं गेली आपली. राग यायचा नाही का? आणि बासष्टला चीनने हल्ला केला होता, आपण नाही. युद्धात असं होतं. अमेरिकेनं जपान्यांना नाही का डांबलं?"

राग यायलाच हवा, हे मलाही मान्य आहे. १९६२ मध्ये सरकारला हेरगिरीची भीती वाटली, हेही समजू शकतं. पण शेठने दिलेलं उदाहरण त्याच्याच विरोधात जातं. अमेरिकेने आपल्या जपानी वंशाच्या लोकांना डांबलं हे खरं, पण १९८८ मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. आपण देवलीत सुमारे तीन हजार माणसं ठेवली, त्यात म्हातारी होती, तान्ही मुलं होती. शेवटची माणसं १९६७ मध्ये सुटली. दोन हजारांहून जास्त लोक मद्रासहून जहाजांनी चीनला पाठवले गेले, त्यांतल्या अनेकांनी तो देश आधी पाहिलाही नव्हता. माफी दूरच, आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही. मास्तरने तीस वर्षं इतिहास शिकवला, तोच म्हणाला की मलाही हे पन्नाशीनंतर कळलं.

आणि जागा बघा. देवलीची तीच छावणी, जिथे इंग्रजांनी कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण यांना खटल्याशिवाय डांबलं होतं.

मास्तर शेठला म्हणाला, "तुझ्या कारखान्यातलं नवीन रेपियर कुठलं आहे बे?"

शेठ खिडकीबाहेर बघायला लागला. ते चीनचं आहे, आम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्याची पूजा झाली तेव्हा पेढे आम्हीच खाल्ले होते. यात शेठचा दोष नाही, परवडतं ते घ्यावं लागतं. गलवाननंतरच्याच वर्षी, २०२१ मध्ये, भारत-चीन व्यापार पहिल्यांदा शंभर अब्ज डॉलरच्या पुढे गेला. म्हणजे मशिनं आली, मोबाइल आले, औषधांचा कच्चा माल आला. बहिष्कार कुणाला बसला? अण्णांच्या फळीला.

"मग राग काढायचा कुणावर?" शेठने विचारलं. खरं सांगतो, याचं चांगलं उत्तर आमच्याकडे नव्हतं. नागपूर आलं तेव्हा तो न बोलता खाली उतरला आणि चौघांसाठी चहा घेऊन आला.

घरी आल्यावर डॉक्टरने 'द देवलीवालाज' हे पुस्तक मागवलं. जॉय मा आणि दिलीप डिसूझा यांचं, २०२० मध्ये आलेलं. जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. आम्ही चौघांनी ते आळीपाळीने वाचलं, शेठनेसुद्धा. ते वाचल्यावर मी तेव्हाच्या कायद्याचे शब्द शोधून पाहिले. शत्रुदेशाचा नागरिक तर सोडाच, ज्याच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कुणी एकजण कधीकाळी त्या देशाचा नागरिक होता, तोही त्यात येत होता.

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. कोटणीसांचा मुलगा १९६२ मध्ये वीस वर्षांचा होता. समजा त्याची आई त्याला घेऊन सासरी, सोलापुरात, येऊन राहिली असती. तर या कायद्याच्या शब्दांत ती दोघंही बसली असती. सोलापूरची सून आणि सोलापूरचा नातू. आपण ज्यांचं स्मारक बांधलं, त्यांचं घर. आणि पोलीस आले असते तेव्हा शेजारच्या दारात कोण उभं असतं? आपलेच आजोबा. ते बोलले असते का? मार्शल लॉ सोसलेलं गाव आहे आपलं, चार हुतात्म्यांचं गाव. बोलले असते असं म्हणायला मला आवडेल. पण मी स्वतः २०२० मध्ये काय केलं, ते आठवतं आणि मग खात्री देता येत नाही.

माझ्या बाबतीत तर पोलीस नव्हते, युद्ध नव्हतं, भीतीही नव्हती. माकूमचे काका निदान घाबरलेले होते. मी घरात सोफ्यावर बसलो होतो.

परत आल्यावर एका शनिवारी अण्णांच्या गाडीवर गेलो. फळीवर आता 'इंडियन फास्ट फूड' आहे. रंगाच्या खाली जुना 'चा' अजून पुसट दिसतो. मी त्यांना व्हिडिओचं सांगितलं, माझ्या अंगठ्याचं सांगितलं. वाटलं चिडतील. अण्णा कढई हलवत राहिले. म्हणाले, "जाऊ द्या की ओ सर. तुमचा अंगठा मला कुठं दिसला होता? मला काळा रंगच दिसला." मग थोड्या वेळाने, "हाफ का फुल्ल?"

मी त्या पोराचं नाव विचारलं. अण्णांनी सांगितलं. छान नाव आहे. चार वर्षं मी त्याच्या हातचं खाल्लं आणि नाव पहिल्यांदा ऐकलं. इथे लिहीत नाही, त्याला विचारल्याशिवाय लिहिणं बरं नाही. अण्णांकडे जुना नंबर होता. मी तीनदा लावून पाहिला, बंद आहे.

ग्रुपवर मागे जाऊन तो व्हिडिओही शोधला. माझा अंगठा तिथेच आहे. इतक्या जुन्या मेसेजला सगळ्यांच्या मोबाइलमधून काढता येत नाही. म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं एवढंच आहे. चीनच्या सरकारवर टीका करा, आयातीवर बोला, आपल्या सरकारला सीमेबद्दल प्रश्न विचारा. ते केलंच पाहिजे. देवलीच्या माणसांपैकी जे थोडे उरलेत, ते जिवंत असेपर्यंत दिल्लीतून दोन शब्द निघावेत, असंही मला वाटतं. पण ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात आपला कोपरा आहे. सीमेवर पुन्हा कधीतरी काहीतरी होणार. पुन्हा कुणीतरी ब्रश घेऊन गाडीकडे निघणार. तेव्हा व्हिडिओ आला की ती गाडी कुणाची आहे, ते आधी बघा आणि मालकाला एक फोन करा. "अण्णा, मी पाहिलं, बरं वाटलं नाही," एवढंच म्हणा. आणि कढईवरच्या पोराला नाव असतं. विचारा.

पोस्ट टाकण्याआधी शेठला दाखवली. त्याने दोनदा वाचली. म्हणाला, "माझं नाव घालू नको. बाकी राहू दे." मग म्हणाला, "रेपियरचं काढलं असतंस तरी चाललं असतं."

नाही काढलं.

या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघे अण्णांच्या गाडीवर आहोत. मंचुरियन शेठच्या खर्चाने. मुंबईत जन्मलेलं, सोलापुरात तळलेलं. जवळपास असाल तर या.